वाळ्याचं टिपाड

करंजनेरच्या नळांना जीभ फुटली त्याला आता चार वर्षं होत आली होती, पण गावाचं तिला नावं ठेवणं काही संपलं नव्हतं. सरकारी कागदांत तिचं नाव ‘जलप्रहरी’ असं भारदस्त होतं. गावात मात्र सगळे तिला जीभच म्हणत. पाणी उशिरा आलं की जिभेचे चोचले, आणि आलंच नाही की जिभेचे नखरे. नलिनी भंगाळे ही जलशुद्धीकरण केंद्रातली रसायनतज्ज्ञ. तिला तर बाजारात कोथिंबीर घेतानाही लोक गाठून जिभेच्या तक्रारी सांगायचे, जणू ती तिची लाडावलेली पोरगीच होती. नलिनीलाही ती थोडीफार तशी वाटायची.

ही जीभ म्हणजे प्रत्येक घराच्या पाणीमीटरमध्ये बसवलेली नखाएवढी चकती. तिच्यावर निरनिराळ्या पदार्थांचे अतिशय पातळ पापुद्रे होते, आणि पाण्यात काय विरघळलंय त्याप्रमाणे प्रत्येक पापुद्र्यातून जाणारी वीज किंचित कमीजास्त व्हायची. एकाही पापुद्र्याला कुठल्या विषाचं नाव माहीत नव्हतं. सगळ्यांचं मिळून जे चित्र तयार व्हायचं, त्याला चव म्हणायचं. आईच्या हातचं वरण आपण पहिल्या घासाला ओळखतो, पण कशावरून ते सांगता येत नाही, तसंच हे. जिभेला रोजच्या पाण्याची चव पाठ झाली होती. तिच्यात काही परकं आलं की ती कोणाला न विचारता त्या भागाचा व्हॉल्व्ह बंद करायची.

हे सगळं आलं ते एका दूरच्या शहरातल्या प्रकारानंतर. तिथे कोणीतरी कुठेतरी बसून जलशुद्धीकरण केंद्राच्या संगणकात शिरलं होतं आणि पाण्यात पडणाऱ्या रसायनाचं प्रमाण भलतंच वाढवून ठेवलं होतं. त्यानंतर सगळ्यांच्या लक्षात आलं की केंद्राच्या दाराशी पहारेकरी बसवता येतो, संगणकाला कुलपंही घालता येतात, पण तिथून पुढे गल्लीबोळांतून जमिनीखाली पसरलेल्या नळांवर कोणाचाच पहारा नाही. म्हणून पहारा घरोघरी नेला. बंद करायचा अधिकार यंत्राला, पण उघडायचा फक्त माणसाला, आणि तोही कारण सांगूनच. ते कारण जीभ शिकायची. एका गावात शिकली की रातोरात राज्यातल्या सगळ्या जिभा ते शिकायच्या.

या शेवटच्या गोष्टीचा नलिनीला अभिमान होता आणि तिचीच तिला धास्तीही वाटायची.

आखाजीचा दिवस होता. बाकीचा महाराष्ट्र जिला अक्षय्य तृतीया म्हणतो ती खान्देशात आखाजी, आणि आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. नलिनीची शर्वरी लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला येणार होती. तिला आणायला भाऊ नव्हता, म्हणून मुराळी होऊन तिचे वडीलच पहाटेच्या गाडीने गेले होते आणि जाताना नवीन शर्ट घालून आरशासमोर दोनदा उभे राहिले होते.

“तू नको जाऊ आज,” जिजी म्हणाली.

जिजी म्हणजे नलिनीची सासू. घरात ती निळ्या टिपाडाशी बसली होती. दरवर्षी आखाजीच्या आदल्या रात्री ती त्या मोठ्या टिपाडात वाळ्याच्या जुड्या भिजत घालायची आणि सकाळी शिक्षक कॉलनीतल्या प्रत्येक घरी तांब्याभर थंडगार, सुवासिक पाणी पोचवायची. सासरे रोपवाटिकेत होते. त्यांनी हयातभर घरी दुसरं काही आणलं नाही तरी वाळा आणला. ते गेल्यावर जिजीने सगळ्या कॉलनीला त्यांच्या नावाचं पाणी पाजायला सुरुवात केली. आताही भिजलेल्या जुड्यांवर टिपाडात नळाचा पाईप खोल सोडलेला होता आणि पाणी चढत होतं.

“सणाचं जादा पाणी सोडलंय, जिजी. कोणीतरी लागतं तिथे. शर्वरी येईपर्यंत येते मी.”

“जाय मग. पोरगी दारात आली आन् माय घरात नाही, असं नको करू म्हंजे झालं.”

नलिनी हसली आणि स्कूटरला किल्ली लावली. जिजीशी वाद घालायची तिला सवय नव्हती आणि इच्छाही नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा नलिनी नुसती पदवीधर होती. वर्षाची शर्वरी कडेवर घेऊन जिजीनेच तिला जळगावला एम.एस्सी.ला पाठवलं होतं. “भाकऱ्या मी टाकते, तू तुह्या त्या बाटल्या शिक,” असं म्हणाली होती, आणि नातेवाईक काय बोलतील याची फिकीर तिने कधी केली नाही. नलिनीच्या खोलीत टांगलेल्या प्रमाणपत्रावर नाव नलिनीचं असलं तरी ते अर्धं जिजीचं आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं.

केंद्रात हुसेन तडवी पडद्यासमोर होता. तो तिथला ऑपरेटर, बोलका आणि कामाला चोख. नलिनीने पर्स ठेवली न ठेवली तोच भोंगा वाजला.

“मॅडम, शिक्षक कॉलनी! बंद केला व्हॉल्व्ह जिभेने.”

नलिनी पडद्याशी धावली. “काय सापडलं?”

“ओळख नाही म्हणते. क्लोरीन बरोबर आहे, क्षार बरोबर आहेत. काहीतरी झाडपाल्याचं आहे, तेलकट. सोळा घरांत गेलंय.”

नमुना घेतल्याशिवाय काही खरं नव्हतं. तिने हुसेनला पडद्याशीच थांबायला सांगितलं आणि पेटी घेऊन निघाली.

कॉलनीच्या कोपऱ्यावर मुख्य नळाला नमुन्याची तोटी होती. तिथे अगोदरच बायकांचा घोळका जमला होता. नव्या साड्या, हातांवर मेंदी आणि रिकाम्या घागरी. सुमनबाई वारके सगळ्यांत पुढे होत्या. त्या नलिनीच्या शेजारीण, आणि त्यांच्याकडे तर दोन लेकी आल्या होत्या.

“नलिनीताई, आज आखाजी आणि आजच तुमच्या जिभेला ओकारी आली का हो? घागर कशाने भरू, सांगा!”

“थोडं थांबा, सुमनबाई. आणि भरून ठेवलेलं कोणी पिऊ नका अजून.”

तिने बाटली भरली, झाकण लावलं, हलवलं, उघडून अलगद वास घेतला. आणि तिला भर चौकात हसू फुटलं. वाळा! विष नाही, कीटकनाशक नाही, कोणाचा घातपात नाही. पेटीतल्या चाचणीपट्टीवरही विषारी काही उमटलं नाही. बायकांना कळलं तेव्हा त्यासुद्धा खो खो हसल्या. सणासुदीला यंत्राला वाळा बाधला, हा किस्सा वर्षभर पुरणार होता.

तिने हुसेनला फोन लावला. त्यालाही हायसं वाटलं. “मग मॅडम, ‘निरुपद्रवी, यापुढे दुर्लक्ष’ एवढं सांगून टाका. शिकेल ती. पुढच्या आखाजीला ओरडणार नाही.”

“सांगते,” असं म्हणून तिने कानाचा फोन समोर धरला खरा, पण बोट तसंच थांबलं.

वाळा घागरीत असतो, माठात असतो, टिपाडात असतो. रस्त्याखालच्या नळात तो आला कुठून?

उत्तर तिला माहीत होतं. कॉलनीतल्या पाण्याविषयीच्या बैठकांमध्ये तिनेच ते कितीदा समजावून सांगितलं होतं. लोक नळाला चोरून मोटर लावतात आणि पाणी ओढतात. पाच-सहा मोटरी एकदम सुरू झाल्या की रस्त्याखालच्या नळातला दाब उतरून उणा होतो. तेव्हा ज्याच्या घरी पाईप भरलेल्या भांड्यात बुडालेला असेल, त्याच्या भांड्यातलं पाणी उलट्या दिशेने नळात ओढलं जातं. पूर्वी स्कूटरमधलं पेट्रोल नळीने ओढून काढत, तसंच. असं होऊ नये म्हणून प्रत्येक घराच्या जोडणीत एक पितळी झडप बसवलेली असते. ती पाणी आत येऊ देते, बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे कोणाच्या तरी घरातली झडप जागेवर नव्हती.

“हुसेन, पहिल्यांदा कुठल्या घराच्या जिभेला चव लागली ते बघ.”

पलीकडे कळफलक खडखडला. “मॅडम… तुमच्याच.”

जिजी ओसरीवर सांजोऱ्या तळून ठेवत होती. नलिनीने मीटरची पेटी उघडली. झडपेच्या जागी साधी नळी जोडलेली होती, आणि जोड नीट रंगवूनही ठेवला होता.

“जिजी, झडप कुठे आहे?”

जिजीने झारा खाली ठेवला. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. ती आत गेली, शिलाई मशीनचा खण उघडला, रिळं आणि बटणं बाजूला केली आणि पदराच्या तुकड्यात गुंडाळलेली झडप काढून नलिनीच्या हातावर ठेवली.

“थंडीत काढली. प्लंबर आला होता वारकेबाईकडं, त्याच्याकडून काढून घेतली.”

“पण कशाला?”

“कायले म्हंजे? त्या झडपेनं धार बारीक होते. तू ड्युटीवरून उन्हातून येते आन् वरच्या न्हाणीत थेंब नसते. मले दिसत नाही का?” जिजीने तिच्याकडे पाहिलं. “वाळाच गेला ना? माह्या हातचा वाळा आजवर कोणाले बाधला?”

नलिनीला रडू येईल असं वाटलं. ही बाई तिच्या अंघोळीच्या पाण्यासाठी चोरटेपणा करून बसली होती. ती जिजीला घेऊन खालीच बसली.

“वाळा नाही बाधला, जिजी. पण टिपाडातलं पाणी सोळा घरांत गेलं. वाळा होता म्हणून कळलं. आपल्या मागच्या गल्लीत हेमराज आहे ना? लिंबाच्या बागेवरचा फवारणीचा पंप तो अंगणातच भरतो, नळाचा पाईप औषधात बुडवून. त्याने झडप काढली असेल तर? ते औषध कोणाच्या घागरीत जाईल?”

नलिनीने फोन पुढे धरला. पडद्यावर दोन पर्याय होते. एक, निरुपद्रवी. तेवढं दाबलं की पाणी सुरू, सण सुरळीत, आणि कोणालाही काही कळायचं कारण नव्हतं. पण मग राज्यातल्या सगळ्या जिभा शिकणार होत्या की नळात वाळा आला तर बिनघोर राहायचं. वाळ्याच्या मागून दुसरं काय आलं, तिकडे त्या बघणारच नव्हत्या. दुसरा पर्याय, उलट शिरकाव, घर निश्चित. तो दाबला की त्या घराचा नळ तपासणी होईपर्यंत सील, आणि कॉलनीतल्या प्रत्येक फोनवर घराचं नाव. आपण कोणाच्या घरचं पाणी प्यायलो ते शेजाऱ्यांना कळलं पाहिजे, असा नियम होता. तो करताना नलिनीचंही मत घेतलं होतं आणि तिने मोठ्या आवाजात होकार दिला होता.

“शर्वरी येऊ राहिली,” जिजी हळूच म्हणाली. “पहिली आखाजी तिची. आन् तुह्या सासऱ्यांची घागर भरायची आहे.”

“माहीत आहे.”

“घरात पाणी नसंल. दारावर सील. लोक काय म्हणतील, भंगाळेबाईनं गावाले उष्टं पाणी पाजलं?”

नलिनीला नुसतं आठवत राहिलं, जळगावच्या बसस्टँडवर परीक्षेच्या दिवशी जिजी कडेवर शर्वरी घेऊन उभी होती आणि मुलगी रडायला लागली तर आईला कळू नये म्हणून तिचं तोंड पदराने झाकत होती. त्या जिजीचं नाव आता फोनवर जाणार होतं.

“जिजी, मला दुसरं काही करता येत नाही,” ती म्हणाली.

जिजी उठली. पदर नीट केला. “करा तुमचं काम, मॅडम.”

अठ्ठावीस वर्षांत तिने नलिनीला ‘नलू’शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. नलिनीने डोळे पुसले आणि दुसरं बटण दाबलं.

फोन वाजल्याचे आवाज घराघरांतून आले.

पुढचा तास ती कोपऱ्यावर होती. नळ धुऊन काढायचा होता. तोटी पूर्ण सोडून ठेवली होती आणि वाळ्याचं पाणी गटाराकडे वाहत होतं. सगळ्या कॉलनीला वाळ्याचा वास सुटला होता, उन्हाने तापलेल्या डांबरावर तर तो आणखीच दरवळला. हुसेन येऊन भंगाळ्यांच्या नळाला सील लावून गेला. जाताना त्याने नलिनीकडे न बघता फक्त “माफ करा, ताई” म्हटलं. आजवर तो तिला मॅडमच म्हणायचा.

रिक्षा थांबली तेव्हा तोटीचं पाणी स्वच्छ झालं होतं आणि जिभेने मान्यता दिली होती. शर्वरी उतरली. तिच्या मागून वडील, नव्या शर्टाला प्रवासाच्या चुण्या पडलेल्या. मेसेज वाटेतच दोघांनी वाचला असणार. शर्वरीने घरात जाऊन घागर आणली, बायकांच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहिली, आणि कोणी पुढे जा म्हटलं तरी गेली नाही. नंबर आल्यावर तिने आजोबांची घागर भरली आणि नव्या नवरीच्या सगळ्या दागिन्यांसकट ती कमरेवर घेऊन घरी गेली.

घागरीची पूजा झाली. नैवेद्य झाला आणि जिजी पायांत चपला सरकवून बाहेर पडली. हातात तांब्या होता, पण रिकामा.

“कुठे चालली ती?” नलिनीचे यजमान घाबरून म्हणाले.

जिजी दरवर्षीच्याच क्रमाने निघाली होती. पहिलं घर वारक्यांचं. सुमनबाईंनी दार उघडलं आणि काय बोलावं ते न कळून पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

“यंदा वाळ्याचं पानी नाही, सुमन,” जिजीचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जात होता. “ते तुम्ही सकाळीच ओढून घेतलं. माह्या टिपाडाले काही पाय फुटले नव्हते. मोटर दे.”

“जिजी, आमच्याकडे कुठली…”

“पलंगाखाली आहे. प्लंबरनं माह्यासमोर बसवली. माहं नाव आलं फोनवर, आता माह्याजवळ लपवण्यासारखं काही नाही राहिलं. तुहं अजून आलं नाही. दे.”

सुमनबाईंच्या दोन्ही लेकी दारात आल्या होत्या. त्यांच्यापैकी धाकटी मागे वळली, पलंगाखाली वाकली आणि मोटर घेऊन आली. जिजीने ती दोन्ही हातांनी घेतली. शर्वरी पाठोपाठ पोचली होती. तिच्याकडे मोटर देऊन जिजी पुढच्या घराकडे वळली.

काही घरांनी मुकाट दिली. काहींनी आधी शपथा घेतल्या आणि मग दिली. हेमराजने तर मोटर नाहीच म्हणून सांगितलं, तेव्हा जिजी त्याच्या ओट्यावर सरळ मांडी घालून बसली. आखाजीला म्हातारी दारात उपाशी बसलीय हे त्याच्या बायकोला बघवेना. तिने नवऱ्याला आत ओढत नेलं. तो बाहेर आला तेव्हा एका हातात मोटर होती आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली पितळी झडप.

ती झडप बघून जिजीच्या मागोमाग आलेली नलिनी अंगणाकडे वळली. फवारणीचा पंप अंगणातच होता, आणि त्याच्या तोंडात नळाचा पाईप अजून तसाच खोचलेला होता.

जिजीनेही ते पाहिलं. पाईपकडे पाहिलं, मग पंपाकडे, मग शेजारच्या घराच्या झोक्यावर बसलेल्या पोरींकडे. तिने जवळ जाऊन पाईप उपसून काढला आणि हेमराजच्या हातात दिला.

उन्हं कलल्यावर भंगाळ्यांच्या दारात निळं टिपाड उभं होतं. आतलं पाणी झाडांना घातलं होतं आणि त्यात काठोकाठ मोटरी भरल्या होत्या. येणारेजाणारे थांबून बघत होते. टिपाडाला अजून वाळ्याचा वास येत होता.

नलिनी ओसरीच्या पायरीवर बसून केंद्राला अहवाल सांगत होती. शेवटी जिभेला शिकवायचं वाक्य राहिलं होतं. दिवसभर तिला ते नीट जमत नव्हतं. मागून जिजी आली आणि थोडा वेळ नुसती ऐकत उभी राहिली.

“वाळा कळला ना तिले?” ती म्हणाली.

“कळला.”

“मग तो कुठं असावा, तेबी शिकव. घागरीत असंल तं बरं. नळात असंल तं बोंबल म्हना, अशीच.”

नलिनीने तेच वाक्य जरा सरकारी करून सांगितलं. फोन बाजूला ठेवला. मागे वळून बघायचा तिला धीर होत नव्हता. तेवढ्यात जिजीचा खरबरीत हात तिच्या डोक्यावर येऊन टेकला.

“चाल, ऊठ, नलू. दिवसभराची उपाशी आहेस तू. पोरगी रस घेऊन ताटावर थांबली आहे.”